दहापर्यंत मोजणारी उज्वला

सातपूरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बावीस वर्षं एकच प्रश्न ऐकतोय, स्वस्तातला प्रोसेसर घेऊ की भारी? उत्तर मी गिऱ्हाइकाच्या चपला बघून देतो. नांदगावची उज्वला आली तेव्हा तिच्या चपलेला टाका घातलेला होता. मी म्हणालो, दोन कोरचा घे, शिकायला पुरे. कोर म्हणजे आत राबणारे हात. दोन हातांनी काय आणि सहा हातांनी काय, भाकऱ्या त्याच होतात, असंही वर ऐकवलं. धंद्यात जीभ अशीच सुटते.

उज्वला कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायला शिकली होती. दिवसा कारखान्यात पॅकिंग, संध्याकाळी खोलीवर ड्रॉइंग, अशी तिने चार वर्षं काढली. एखाद्या कंपनीच्या डिझाइन विभागात बसायचं, एवढंच तिला हवं होतं. पण मोठं ड्रॉइंग उघडलं की तिचा कॉम्प्युटर धापा टाकायचा. घाईने दुसरं क्लिक केलं तर सगळं बंद पडून केलेलं काम जायचं. मग तिनेच तोडगा काढला. एक क्लिक करायचं, हात मांडीवर ठेवायचा, मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच दुसरं क्लिक. हे तिने मला हौसेने सांगितलं होतं, आणि मी गाढवाने शाबासकी दिली होती.

यंदा एका कंपनीने तिला ट्रायलला बोलावलं. वयाची अट तिशीची, आणि तिला तीस पूर्ण व्हायला महिना उरलेला. म्हणजे हीच शेवटची संधी. तासाभरात एक ड्रॉइंग पुरं करायचं होतं. तिथले सहा कोरचे कॉम्प्युटर मीच पुरवलेले, म्हणून मीही हजर होतो.

उज्वलाने क्लिक केलं. पापणी लवायच्या आत काम झालं. तिचा हात मात्र मांडीवर गेला. पडद्याकडे न बघता ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. दहा झाले, मग दुसरं क्लिक.

तासाभरात निम्मंच झालं. ट्रायल घेणारे साहेब म्हणाले, काम स्वच्छ आहे, पण मुलगी फार संथ आहे. मला कारण ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर तिला तसला कॉम्प्युटर कुणी विकला तेही सांगावं लागलं असतं, आणि आणखी आठ कॉम्प्युटरची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. मी मूग गिळून बसलो.

परवा ती कॉम्प्युटर विकायला दुकानात आली. म्हणाली, "माझ्या हातालाच वेग नाही, काका. आता पॅकिंगच बरं."

मला राहवलं नाही. लाज वाटत होती, तरी खरं कारण सांगून टाकलं, तू संथ नाहीस, मी दिलेला प्रोसेसर संथ होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तेव्हा का नाही बोललात? साहेब तुमच्या शेजारीच बसले होते."

ऑर्डरवर ट्रायलच्या दुपारीच सही झाली, हे मी तिला सांगितलं नाही.