नवऱ्यासाठी शोधलेली फ्लाइंग स्कूल

देवयानी पाटणकरला आपल्या नवऱ्याचा हेवा वाटायला लागला तो दिवस अगदी नेमका सांगता येतो. २०२१ च्या जून महिन्यातला शनिवार होता, आणि सौमित्रला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती. वाढदिवसाची भेट म्हणून तिने ॲरिझोनातल्या चँडलरच्या छोट्या विमानतळावरची एक 'डिस्कव्हरी फ्लाइट' बुक केली होती. म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसायचं आणि अर्धा तास खरंखुरं विमान स्वतः चालवून बघायचं. सौमित्रला विमानांचं तसं काहीच वेड नव्हतं. वेड होतं देवयानीला. मागे दोन सीट असतात हे तिने आधीच विचारून घेतलं होतं, आणि नवऱ्याच्या निमित्ताने आपणही वर जाऊन येऊ असा तिचा साधा हिशेब होता.

पण सकाळी नऊ वाजताच पारा शंभर फॅरनहाइटवर गेला होता. तरुण इन्स्ट्रक्टरने दोघांची वजनं विचारली, कागदावर काहीतरी मांडलं आणि अगदी अदबीने सांगितलं की इतक्या उन्हात विमानाला तिसरं माणूस जड जाईल. बर्थडे बॉयला नेतो, मॅम इथेच थांबतील का? मॅम थांबल्या. हँगरच्या सावलीत बाकावर बसून तिने ते पांढरं विमान धावपट्टीवरून उठताना पाहिलं. अर्ध्या तासाने सौमित्र उतरला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की बारा वर्षांच्या संसारात तिने तो कधी पाहिला नव्हता. घरी जाईपर्यंत तो बोलत राहिला. देवयानी गाडी चालवत होती आणि 'हो का' म्हणत होती.

देवयानी ओझरची. वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते, आणि कॉलनीतली पोरं आवाजावरून विमान ओळखायची. अकरावीत असताना तिने एकदा घरी सांगून पाहिलं होतं की मला पायलट व्हायचंय. वडील रागावले नाहीत. हसून म्हणाले, "बनवायला शीक बाई. उडवणारे पुष्कळ आहेत." ती शहाणी मुलगी होती. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, ॲरिझोनात एम.एस. केलं, चँडलरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत लागली, आणि त्या बोलण्याला इतकी वर्षं झाली की तो विषय संपला असं तिला स्वतःलाही वाटत होतं.

पुढच्या जानेवारीत सौमित्रच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याची सबंध टीम काढून टाकली. तीन आठवडे तो घरात फिरत राहिला. मग एका संध्याकाळी वरणभात जेवता जेवता म्हणाला की मला पुन्हा लॅपटॉपसमोर बसायचं नाही, मला पायलट व्हायचंय, नुसता हौशी नाही, एअरलाइनचा. तुझा जॉब पक्का आहे तोवर करून बघू का?

देवयानीने त्याला आणखी भात वाढला. हे वाक्य आपलं आहे, हा मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार असा, की ते आता त्याचं झालंय, कारण तो आधी बोलला. ती म्हणाली, "बघू. आधी स्कूल नीट निवडायला हवी."

आणि स्कूल निवडायचं काम तिनेच अंगावर घेतलं, कारण सौमित्र पहिल्याच चकचकीत वेबसाइटवर फॉर्म भरायला निघाला होता. तिने एक वही केली. महिनाभर दर शनिवारी दोघं एकेक स्कूल पाहायला जायची. पहिली मोठी ॲकॅडमी होती, युनिफॉर्म, भिंतीवर एअरलाइन्सचे लोगो, सगळी फी आगाऊ. देवयानीने विचारलं की उद्या तुम्ही बंद पडलात तर भरलेल्या फीचं काय, विद्यार्थी किती आणि उडणारी विमानं किती, मेकॅनिक तुमचा स्वतःचा का बाहेरचा, इन्स्ट्रक्टर सरासरी किती महिने टिकतो. तिथला माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सौमित्रकडे बघून देत होता. फीच्या प्रश्नावर तर त्याने ब्रोशरच पुढे केलं. दुसऱ्या ठिकाणी विमानं नवी होती, पण परीक्षा घेणाऱ्या एक्झामिनरची तारीख मिळायला तीन-तीन महिने लागत होते, आणि तोवर शिकलेलं विसरू नये म्हणून पुन्हा तास घ्यावे लागत.

तिसरी स्कूल म्हणजे एक हँगर, पाच जुनी विमानं आणि कार्ला नावाची साठीची बाई. तिने वीस वर्षं मालवाहू विमानं चालवली होती. जेवढं उडाल तेवढेच पैसे द्या, म्हणाली. देवयानीचे प्रश्न तिने देवयानीकडे बघून ऐकले, विमानांची दुरुस्तीची रजिस्टरं काढून समोर ठेवली, आणि शेवटी विचारलं, "तुमच्यापैकी शिकणार कोण आहे?"

"हा," देवयानी म्हणाली.

कार्लाने एकदा वहीकडे पाहिलं, आणि सौमित्रपुढे फॉर्म सरकवला.

तिथून पुढे घरात विमानाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. सौमित्र सकाळी उडून यायचा आणि संध्याकाळी पुस्तकं घेऊन डायनिंग टेबलावर बसायचा. त्याला वाचलेलं पटकन लक्षात राहत नसे. कुणीतरी प्रश्न विचारले की राहायचं. मग भांडी डिशवॉशरमध्ये लावून देवयानी समोर बसे. ढगांचे प्रकार, धावपट्टीवरच्या खुणा, इंजिन बंद पडलं तर काय काय करायचं आणि कोणत्या क्रमाने. दोन महिन्यांत तिला पुस्तक बघावं लागेनासं झालं. तो अडखळायचा आणि उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं. तो चुकला की तिला आतून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःचा रागही यायचा.

लोकांनी त्यात तेल ओतलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सौमित्र एकदम 'कॅप्टन' झाला. ज्यांनी त्याच्या नोकरीबद्दल हळहळून फोन केले होते तेच आता सेल्फी मागत होते. शैलजाकाकू, मंडळातल्या सगळ्यांत जुन्या, निवृत्त डॉक्टर, देवयानीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं. आता जगभर फुकट फिरशील." देवयानी हसली. प्लेटमधला मोदक तिने तसाच टाकून दिला. घरी येताना सौमित्रने विचारलं की गप्प का, तर म्हणाली की डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. पोटात दुखत होतं, आणि कशाने ते सांगण्यासारखं नव्हतं.

तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. परका नाही, नवरा आहे. याचं भलं ते घराचं भलं. पण मनाला हे पटेना. तो पहिल्यांदा एकटा उडाला तेव्हा कार्लाने रिवाजाप्रमाणे त्याच्या शर्टाचा पाठीचा तुकडा कापून त्यावर तारीख लिहून दिली. अनयाने, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. रोज ऑफिसला निघताना देवयानी त्या भिंतीकडे पाठ करून बूट घालायची.

एकेक परीक्षा पार करत सौमित्र २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पगारी पायलटला लागणाऱ्या कमर्शियल लायसन्सपर्यंत आला. त्या परीक्षेत आधी तोंडी, मग उड्डाण. एक्झामिनरने आदल्या दिवशी एक काल्पनिक सफर दिली होती. इतके प्रवासी, इतकं सामान, इतकं इंधन, वजनाचा आणि तोलाचा हिशेब मांडून आण. सौमित्रने तो मांडला आणि नेहमीप्रमाणे कागद देवयानीसमोर ठेवला. "एकदा नजर टाक ना. तू पाहिलंस की मला झोप लागते."

चूक तिला लगेच दिसली. त्याने सामान मागच्या कप्प्यात ठेवलं होतं आणि आकडा पुढच्या कप्प्याचा धरला होता. खरा आकडा धरला तर विमानाचा तोल मागे, मर्यादेबाहेर जात होता.

ती कागदाकडे बघत राहिली. ही सफर प्रत्यक्षात कुणी करणार नाही, तिने मनाशी म्हटलं. एक्झामिनर पकडेलच. सगळं मीच का बघायचं? हे सगळं खरं होतं, आणि आपण का गप्प बसतोय ते याहून वेगळं आहे हेही तिला कळत होतं.

"ठीक दिसतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला तो नापास झाल्याचा कागद घेऊन. विमानापर्यंत वेळच आली नव्हती, तोंडीतच थांबवलं होतं. पुन्हा परीक्षा देता येते, पण नापासाची नोंद कायमची राहते, आणि एअरलाइनवाले इंटरव्ह्यूत ती काढतात. सौमित्र सोफ्यावर बसून कागदाची घडी घालत आणि उलगडत होता. "आपण दोघांनी पाहून कसं काय सुटलं," असं तो दोनदा म्हणाला. तिच्यावर संशय घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

"सुटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला दिसलं होतं."

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग उठून बाहेर गेला. दोन दिवस घरात फक्त अनयाशी बोलणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी अनया पोहायला गेलेली असताना तो तिच्यासमोर येऊन बसला.

"का केलंस?"

"मला पाहिजे होतं ते. तुला मिळालं ते. पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर? तुझी नोकरी गेली होती, माझी होती. मी म्हटलं असतं मी सोडते आणि पायलट होते, तर तू काय म्हणाला असतास?"

सौमित्रने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. म्हणाला, "नाही म्हणालो असतो बहुतेक." आणि मग, "पण तू केलंस ते वाईट केलंस."

"हो," देवयानी म्हणाली. तिने माफी मागितली. त्याने ती लगेच स्वीकारली नाही, आणि तिने तशी अपेक्षाही केली नाही. बारा दिवसांनी तो पुन्हा परीक्षेला गेला आणि पास झाला. कागद या खेपेला त्याने एकट्यानेच तपासला होता.

आठवडाभराने देवयानी त्याची राहिलेली पुस्तकं परत करायला हँगरमध्ये गेली तेव्हा कार्लाने तिला बसवून घेतलं. सौमित्रने काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तिने त्या चुकीचा विषयच काढला नाही. शनिवारचा थिअरीचा वर्ग शिकवणारा माणूस एअरलाइनमध्ये निघून गेला होता. जमिनीवर शिकवायला पायलट असावं लागत नाही, दोन लेखी परीक्षा दिल्या की ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट मिळतं, असं तिने सांगितलं. "तुम्हाला निम्मं आधीच येतं. इथे सगळ्यांना माहितीये."

देवयानीने फेब्रुवारीत दोन्ही परीक्षा दिल्या. एकीत अठ्ठ्याण्णव पडले. घरी तिने फक्त 'पास' एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळी आठ-दहा जण येत. त्यात मोना नावाची एक नर्स होती, पस्तिशीची, बोटांवर शाई, वहीत चित्रं काढून समजून घेणारी. देवयानी तिला वर्ग संपल्यावरही शिकवत राही. शिकवण्यात तिचा जीव रमला. कधी कधी सबंध सकाळ जायची आणि सौमित्रचा विचार मनात यायचा नाही. मग एप्रिलमध्ये मोना पहिल्यांदा एकटी उडाली, आणि हँगरमध्ये सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना देवयानीच्या काळजात तीच जुनी कळ आली. नवऱ्याचा काही संबंधच नव्हता. त्या दिवशी तिला कळलं की हे सौमित्रपुरतं नाही. कुणीही उडालं तरी असंच होणार.

ती सरळ कार्लाच्या टेबलाशी गेली आणि स्वतःसाठी रविवारी सकाळचा उडायचा तास मागितला. कार्लाने वही उघडून नाव लिहिलं, एवढंच.

शिकवणारी म्हणून ती उत्तम होती. उडवणारी म्हणून ती सामान्य निघाली. आडवा वारा असताना विमान कसं उतरवायचं ते ती फळ्यावर रेषा काढून इतकं छान समजवायची, आणि प्रत्यक्षात धावपट्टी जवळ आली की तिचे पाय पेडलवर ताठ व्हायचे. आठव्या तासालाही चाकं इतकी आपटली की कार्ला म्हणाली, "हे विमान आपल्याला अजून हवंय." सौमित्र घरी विचारायचा, कसं झालं. ती म्हणायची, ठीक. त्याच्याकडून सल्ला घ्यायची वेळ अजून आली नाही असं तिने ठरवलं होतं. तोही फार विचारायचा नाही.

सौमित्र इन्स्ट्रक्टर झाला, एअरलाइनला लागणारे उड्डाणाचे तास जमवत राहिला, आणि २०२५ च्या शेवटी एका छोट्या एअरलाइनने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. नापासाबद्दल त्यांनी विचारलंच. त्याने काय उत्तर दिलं ते तिला त्याने आल्यावर सांगितलं. "म्हटलं, माझं गणित मी दुसऱ्यावर सोपवलं होतं. आता सोपवत नाही." देवयानीने मान खाली घातली. त्याने तिचा हात धरला नाही, पण शेजारून उठलाही नाही. नोकरी त्याला मिळाली.

पहिल्या उड्डाणाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा पन्नास अंगठे आणि हार पडले. कॉकपिटमध्ये तो, काळा टाय, खांद्यावर तीन पट्ट्या. देवयानीने फोटो मोठा करून पाहिला, मागची उपकरणं एकेक ओळखली, आणि फोन उलटा ठेवला. संध्याकाळपर्यंत तिने त्यावर काही टाकलं नाही. अनया, आता चौदाची, समोर दुधात सिरिअल घालून खात बसली होती.

"आई, आर यू स्टिल मॅड ॲट बाबा?"

"मॅड नाही."

"देन व्हॉट?"

"जेलस," देवयानी म्हणाली. "थोडी कमी झाली आहे."

अनयाने खांदे उडवले आणि पुन्हा खायला लागली. देवयानीने फोन सरळ करून ग्रुपवर 'अभिनंदन' लिहिलं. मग हवामान पाहिलं. उद्या रविवार होता, वारा नैर्ऋत्येकडून, आडवा, वेग बारा नॉट. कार्लाला मेसेज केला की वारा असला तरी येते.