गॅलरी बंद करून घेणारी माणसं

आमची कॉलनी लंडनमध्ये भिंतभर फोटो करून लावलीय असं माझ्या वडिलांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "पोलिसांनी लावलीय का?"

कॉलनी नाशिकजवळच्या एका कारखान्याची. कामगारांसाठी बांधलेली. बांधणारे आर्किटेक्ट पुढे इतके थोर झाले की आता त्यांच्या कामाची परदेशात प्रदर्शनं भरतात, व्याख्यानं होतात आणि लोक काळे कपडे घालून ती ऐकायला येतात. काळेच का, ते विचारायचं नसतं. मी एकदा बायकोला हळूच म्हटलं, "कुणी गेलंय का गं?" तिने पायावर पाय दिला.

हाउन्सलोच्या आमच्या घरून पिकॅडिली लाइनची मेट्रो पकडून आम्ही दोघं एका रविवारी ते प्रदर्शन बघायला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. पांढऱ्या दालनात मध्यभागी कॉलनीचं लाकडी मॉडेल, भिंतींवर आमच्याच बिल्डिंगचे फोटो. लोक राहायला येण्याआधी काढलेले. त्यामुळे एक माणूस नाही, कपड्यांची एक दोरी नाही. प्रत्येक घराच्या मोकळ्या गॅलरीत एकेक मातीचा माठ तेवढा मांडलेला. आमच्याकडे तसा माठ कुणाकडेच नव्हता. सगळ्यांकडे स्टीलची पिंपं होती. फोटोखाली लिहिलं होतं की या उघड्या गॅलरीत कामगाराचं आकाशाशी नातं जडतं.

जडलं ना. पावसाळ्यात आकाश थेट हॉलमध्ये यायचं, उन्हाळ्यात डास घेऊन यायचं, आणि कावळ्यांना तर त्याने बारमाही पास दिलेला होता. दोन वर्षं हे नातं निभावल्यावर वडिलांनी वेल्डरकडून उगवत्या सूर्याचं ग्रिल करून घेतलं, वर पत्रा टाकला, सरकत्या काचा बसवल्या आणि गॅलरी बंद करून टाकली. फ्लॅटचा ताबा मिळाला, नारळ फुटला की मराठी माणसाच्या मनात दुसरा विचार येतो तो हाच. वर्षभरात अख्ख्या कॉलनीने गॅलऱ्या बंद करून घेतल्या.

यातलं एक अक्षर मी तिथे बोललो नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई जवळून जात होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात फक्त म्हणालो, "मी इथेच वाढलो." बाईंनी माझं कोपर धरलं. आपण किती मौल्यवान आहोत हे मला पन्नाशीत प्रथमच कळलं. पुढच्या शनिवारी एका मोठ्या तज्ज्ञांचं व्याख्यान होतं, त्यानंतर मी पाच मिनिटं 'रहिवाशाचा अनुभव' सांगायचा असं ठरलं. मी परत येता येताच काळा पोलोनेक, म्हणजे गळाबंद स्वेटर, विकत घेतला. "जूनमध्ये?" बायको म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. आम्ही कलेच्या वर्तुळातले लोक फार बोलत नाही.

मग भाषण लिहायला बसलो. फरशीवर सूर्यकिरणांची नक्षी पडायची आणि त्या नक्षीत बसून मी गणितं सोडवायचो, असं त्यात लिहिलं. गणितं मी सोडवायचो ती त्याच बंद गॅलरीत, पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात. पण पत्र्याखालची गणितं लंडनमध्ये कोण ऐकणार?

तेव्हा आई आमच्याकडे उन्हाळ्यापुरती आली होती. गुरुवारी भावाचा नाशिकहून फोन आला आणि तो ठेवून ती स्वयंपाकघरात आली ती चेहरा पाडूनच. "प्रदर्शनवाले कॉलनीची दुरुस्ती करून देणार म्हणे. गळती, प्लॅस्टर, सगळं. पण आधी गॅलऱ्या मोकळ्या करायच्या. होत्या तशा."

"मूळ रूपात," मी म्हणालो. जीभ सवयीने वळली.

"मूळ रूपात म्हणजे माझा पलंग कुठे?"

आईचा पलंग गॅलरीत असतो. दोन खोल्यांत भाऊ, वहिनी आणि दोन वाढत्या मुली. वडील गेल्यापासून ती सूर्याच्या ग्रिलखालीच झोपते. उशाशी तिचे देव, हाताशी रेडिओ. त्या घरात तिची म्हणावी अशी जागा तेवढीच.

"शनिवारी तिथे तू बोलणार आहेस ना? मग सांग त्यांना."

"आई, मोठी माणसं आहेत गं. असं एकदम नाही बोलता येत. त्यांची एक दृष्टी असते."

"मी कुठे भांडायला सांगतेय? फक्त सांग, तिथे माणूस झोपतं."

बायको भांडी लावता लावता म्हणाली, "आई, तुम्ही काळजी करू नका. त्याची ती सूर्यकिरणं पडतील ना, त्यांच्यावर झोपा."

शनिवारी आई आमच्याबरोबर आली. इरकली साडी, त्यावर माझं जुनं जॅकेट, पर्समध्ये चिवड्याचा डबा. तिसऱ्या रांगेत बसली. तज्ज्ञ गृहस्थ बोलायला उभे राहिले. ते प्रकाशावर बोलले, शांततेवर बोलले, मग शांततेतल्या प्रकाशावर बोलले. लोक डोळे मिटून माना हलवत होते. आमच्या नळाला पाणी किती वाजता यायचं, जिन्यात दिवा होता का, यावर कुणी काही बोललं नाही. मग पडद्यावर माठवाली गॅलरी आली आणि सभागृहाने सुस्कारा सोडला. "आणि आज," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर पत्रा, सरकत्या काचा, उगवता सूर्य आणि ग्रिलवर वाळत टाकलेला एक पिवळा गाऊन. अपघाताचा फोटो दाखवल्यासारखे लोक हळहळले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! आपली गॅलरी!" आई अर्धी उठली. "आणि हा तर माझा गाऊन!"

सगळे काळे कपडे मागे वळले. मराठी कुणालाच कळत नव्हती, पण आनंद कळला असावा, कारण सगळे गोंधळले. तज्ज्ञ म्हणाले, हे आक्रमण आहे, सौंदर्याचा गळा घोटणं आहे, आणि हे सगळं लवकरच काढलं जाणार आहे. बायकोने आईच्या कानात भाषांतर केलं. आईने चिवड्याचा डबा बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

माझं नाव पुकारलं गेलं. पोलोनेकमध्ये मी इडलीसारखा वाफत होतो. कागद उघडला. पहिल्याच ओळीत सूर्यकिरणं होती, मागे पडद्यावर गाऊन अजून तसाच. कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "हा गाऊन माझ्या आईचा आहे. तुम्ही काढणार आहात ती तिची झोपायची खोली आहे. तिला दुसरी नाही. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिच्याकडे बघून सांगा, काढायची का." भाषण संपलं. पाच मिनिटांतली साडेचार उरली.

आता आपल्याला बाहेर काढणार, असं वाटलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. आईने उठून निवडून आल्यासारखा चारी बाजूंना नमस्कार केला.

तज्ज्ञांचं तर मला कौतुकच वाटतं. माईक हातात घेऊन ते म्हणाले की हाच तर इमारतीचा दुसरा जन्म, लोकांनी वास्तूवर चढवलेला जिवंत थर. दहा मिनिटांपूर्वी जे आक्रमण होतं, तो आता थर झाला होता. पत्रा तोच. तोंडावर हात ठेवलेल्या बाई आईला येऊन म्हणाल्या की त्यांना मघाशी रडूच आलं होतं. प्रदर्शनवाल्या बाईंनी माझं कोपर पुन्हा धरलं: आई परत गेल्यावर तो गाऊन प्रदर्शनासाठी पाठवू शकेल का? काचेच्या पेटीत ठेवू म्हणाल्या.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तो पार विटलाय रे. नवा देते म्हणावं."

"नवा नको, त्यांना वापरलेलाच हवाय."

"काय बाई माणसं! मग मी घालू काय?"

पुढे ठरलं ते असं की आमची गॅलरी नमुना म्हणून आहे तशी ठेवायची. बाकीच्यांचं भिजत घोंगडं आहे. शेजारच्या काकू आईला रोज विचारतात की आमचाही थरात नंबर लावता येईल का. आईचा पलंग वाचला. मी नाशिकच्या आमच्या जिन्यात हिरो झालो, बायकोने पोलोनेक चॅरिटी शॉपला देऊन टाकला.

फक्त एक झालंय. आईच्या खिडकीची काच अडकते, पावसात पूर्ण बंद होत नाही, पलंगाची पायाकडची बाजू भिजते. भाऊ नवी बसवायला निघाला तर प्रदर्शनवाल्यांनी नेमलेल्या समितीची माणसं आली. म्हणाली, हा जपलेला नमुना आहे, यातलं काही बदलायचं नाही. काच अडकते तशीच अडकली पाहिजे.

परवा व्हिडिओ कॉलवर आई पलंगावर मांडी घालून बसली होती. मागे ग्रिल, ग्रिलवर गाऊन. "नमुन्याची पाटी लावायला आले होते दाराला," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी काच बदला, मग पाटी लावा."

"मग?"

"गेले लंडनला विचारायला. तुझ्या त्या बाईंना फोन कर बघू. आणि हे बघ, या वेळी कागद घेऊन बसू नकोस."