करंजाचा पाळणा

करंजाचं लाकूड म्हटलं की सुतार लोक नाक मुरडतात. कापलं की पांढरं, मग पिवळं पडतं आणि वर्षाच्या आत कीड लागते. पण डोंगरकड्याचा ग्यानोबा सुतार मोठा हेकट माणूस. ओंडका पावसाळाभर पाण्यात बुडवून ठेवायचा, सगळा रस निघू द्यायचा, म्हणजे कीड लागत नाही. मग करवत लावून भुसा जिभेवर ठेवायचा. कडू लागला, तर ओंडका परत पाण्यात!

बहात्तर साली पाऊसच दडी मारून बसला. ओढा कोरडा ठणठणीत. पाणी राहिलं ते फक्त धाकट्या भावाच्या, उकंडरावाच्या विहिरीत. ग्यानोबाची लेक मालन गोरेगावला दिलेली, तिला पहिलं लेकरू व्हायचं होतं. पाळणा माहेरचाच लागतो. सागवान कुठून आणणार? ग्यानोबानं करंजाचा ओंडका भावाच्या विहिरीत सोडला.

सहा महिन्यांनी उकंडराव स्वतः बैलगाडीतून ओंडका घेऊन आला. ओला, चिखलानं माखलेला. ग्यानोबानं करवत लावली, पण भुसा काही जिभेवर ठेवला नाही. भाऊ समोर उभा! त्याच्यादेखत चाखायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच की हो.

पाळणा झाला, गोरेगावला गेला. उन्हाळा सरला तशी दांड्यांतून पिठासारखी भुकटी गळायला लागली, लेकराच्या डोळ्यांत जायला लागली. मालनच्या सासूनं, शकुबाईनं, पाळणा अंगणात फेकला. "सुताराची लेक, आन् बापानं किडकं लाकूड दिलं!" असं साऱ्या आळीत बोलली.

ग्यानोबा तरातरा उकंडरावाच्या घरी गेला. तिथं उकंडरावाची नात पाळण्यात झोपलेली. लाकूड भक्कम, कुठं एक भोक नाही. ग्यानोबाला आपलं लाकूड ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"उकंड्या, माझा भिजलेला ओंडका ठेवून मला ताजं लाकूड देलंस! काहून रे? बोलला असतास तर अर्धं देलं असतं."

उकंडराव खाली बघूनच म्हणाला, "अर्ध्यात पाळणा होत न्हाई, दादा. माझीबी पहिलीच नात हाय."

ग्यानोबाच्या तोंडाशी शिवी आली, पण झोपलेल्या लेकराकडं बघून त्यानं ती गिळली आणि घरी आला. बायको म्हणाली, "गोरेगावला खरं सांगून या. पोरीला रोज बोलणी खावी लागून राहिली."

"काय सांगू? सख्ख्या भावानं फसवलं म्हून? मंग म्हणतील, ज्याचा भाऊच असा, त्याची लेक तरी कशी असंल."

तो गेलाच नाही. मालनलाही कधी बोलला नाही. बापानं आपल्याला किडकं लाकूड दिलं, असंच ती आजही समजते.