उखर्डूभाऊंनी गिळलेलं वाक्य

आमच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येतं. ग्रामपंचायतीचे व्हॉल सोडण्याचं काम उखर्डूभाऊंकडे आहे आणि बावीस वर्षांत ते कधी चुकले नव्हते. त्यांच्या पाण्यावर लोक घड्याळ लावायचे. त्यामुळे मागच्या वर्षी फाल्गुनात एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा पाणी साडेसातला आलं, तेव्हा मी रिकामा हंडा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या दाराशी गेले.

"भाऊ, तब्येत बरी नाही का?"

"बरी शे, अक्का. ध्यानमा नही राह्यनं."

ज्याला जत्रेतलं अख्खं नाटक तोंडपाठ, त्याच्या ध्यानात व्हॉल राहत नाही, हे मला पटलं नाही.

उखर्डूभाऊ म्हणजे किरकोळ अंगाचा, ठेंगणा, साठीकडे झुकलेला माणूस. त्यांच्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत. म्हणून हे जन्मले तसं आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि मग उचलून घरात आणलं. मृत्यूला वाटावं, टाकून दिलेलं पोर आहे, याला काय न्यायचं. नाव पडलं ते त्यावरून. लहानपणापासून त्यांना एकच हौस, नाटकातल्या सेनापतीची.

आमचं गाव एरंडोलपासून आठ-नऊ किलोमीटरवर. चैत्रात मरीमातेची जत्रा भरते आणि जत्रेत दरवर्षी एकच नाटक होतं. गावातल्या एका जुन्या मास्तरांनी ते लिहिलं, त्यालाही साठ वर्षं झाली. राजा सेनापतीच्या घरी पाहुणा येतो, त्याचं मीठ खातो, विश्वासानं झोपतो. सेनापतीला गादी हवी असते. तो झोपेतल्या राजाला तलवारीनं मारतो. गादी मिळते, पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नाही आणि तो खंगून, वेडा होऊन मरतो. सगळ्यांना गोष्ट माहीत आहे, तरी बायका दरवर्षी पदर डोळ्यांना लावतात.

या नाटकाची आमच्याकडे एक रीत आहे. फार पूर्वी राजाचं काम करणारा माणूस नाटकानंतर महिन्याभरात साप चावून गेला. तेव्हापासून ठरलं, की खुनाचा प्रवेश झाला की पडद्यामागे सेनापतीनं स्वतःच्या हातानं राजाला गुळाचा खडा भरवायचा आणि म्हणायचं, "नाटकमा मारं, गावमा नही. माफी कर." राजानं गूळ खाऊन म्हणायचं, "माफ कयं." हे झाल्याशिवाय पुढचा पडदा उघडत नाही. पूर्वी राणीचं काम पुरुष करायचे, आता गावातली दीपमाला करते. तिला नऊवारी नेसवायला मी पडद्यामागे असते, आणि गुळाची वाटीही माझ्याकडेच असते. म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

पूर्वी सेनापती असायचा अभिमन. उंच, भरदार छातीचा, आवाज असा की देवळाच्या मागे बसलेल्यालाही ऐकू जावा. उखर्डूभाऊंना काम मिळायचं ते वही धरायचं. विंगेत स्टुलावर बसायचं आणि कोणी अडकलं की हळूच पुढचा शब्द द्यायचा. जत्रेच्या कमिटीतले लोक त्यांना चिडवायचे, "उखर्डू, तू सेनापती झाला तर राणीलाच तुला कडेवर घेऊन फिरावं लागेल!" तेही हसायचे. सतरा वर्षं ते असे हसले.

बारा वर्षांपूर्वीच्या जत्रेत अभिमन अडकला. खून करून झाला, गूळ भरवून झाला. मग पुढच्या प्रवेशात सेनापती एकटाच ताटावर बसतो आणि हाताकडे पाहून म्हणतो, "हा हात माझाच. पण ह्याच हातानं आता घास कसा घेऊ?" अभिमन म्हणाला, "हा हात माझाच. पण..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "हा हात माझाच. पण..." विंगेतून काहीच आलं नाही. खालून पोरं ओरडली, "पण काय? धुऊन ये!" हशा सुरू झाला तो थांबेना. कोणी तरी केळीचं साल फेकलं. अभिमन ताटावरून उठला आणि कपड्यांसकट घरी निघून गेला. राहिलेलं नाटक उखर्डूभाऊंनी अंगरखा मिळेल तसा चढवून पुरं केलं. दुसऱ्या कोणाला शब्द येतच नव्हते. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

"वही वाचताना दिवा गेला," असं त्यांनी कमिटीला सांगितलं. कोणी जास्त विचारलं नाही.

पण अभिमनला गावानं सोडलं नाही. सलूनमध्ये, स्टँडवर, दूध डेअरीत, तो दिसला की कोणी तरी हात वर करायचं, "हा हात माझाच, पण..." आणि सगळे हसायचे. त्याची मुलगी रोशनी माझ्या अंगणवाडीतून नुकतीच पहिलीत गेली होती. तिलाही शाळेत पोरं तेच म्हणायची. दोन वर्षं त्यानं सोसलं. मग बायको-पोरीला घेऊन नशिराबादला गेला आणि हायवेला टायरचं दुकान टाकलं.

इकडे सेनापती म्हणून उखर्डूभाऊ मोठे झाले. ताटापुढचा प्रवेश करताना त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी यायचं. आजूबाजूच्या गावांतून लोक तेवढ्यासाठी यायचे. मी म्हणायचे, देवानं उशिरा दिलं, पण भरभरून दिलं.

त्या फाल्गुनाआधीच्या दिवाळीत अभिमनची आई अंथरुणाला खिळली आणि तो गावात परत आला. नेमकं त्याच वर्षी राजाचं काम करणाऱ्या नवल आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कमिटीचा हितेंद्र, तरुण पोरगा, त्याला जुनं फारसं माहीत नाही, तो अभिमनकडे गेला. अभिमन हसून म्हणाला, "राजाचं काम चालेल. पाच वाक्यं बोलायची, जेवायचं, झोपायचं आणि मरायचं. मरताना कोणी अडकत नाही."

आमच्या नळाला पाणी उशिरा यायला लागलं ते त्याच आठवड्यात.

पुढच्या चतुर्थीला आम्ही चार-पाच जणी पद्मालयाच्या गणपतीला निघालो, तर उखर्डूभाऊही रिक्षात येऊन बसले. दर्शन झालं. बाकीच्या जणी नारळ वाढवायला गेल्या आणि ते तळ्याच्या पायरीवर माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. पाण्यातल्या कमळांकडे पाहत त्यांनी विचारलं,

"अक्का, देवासमोर कबूल केलं तर सुटतं का माणूस?"

"काय कबूल करायचंय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दिवा गेलाच नव्हता. वही उघडी होती, बोट त्याच ओळीवर होतं. वाक्य ओठापर्यंत आलं होतं आणि त्यांनी ते गिळलं. "मी म्हटलं, एक डाव. एकच डाव पाहू दे, काय होतं ते. मग मला वाटलं, आता देतो. तोवर लोक हसायला लागले होते. मग दिलं असतं तरी काय..." ते माझ्याकडे वळले. "दर वर्षी लोक म्हणतात, उखर्डू काय रडतो. मी सेनापतीसाठी रडत नाही, अक्का."

मला राग आला. रोशनीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण गणपतीच्या दारात बसून माणसावर ओरडणं मला जमलं नाही. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, नुकसान देवाचं नाही झालं. ज्याचं झालं त्याला सांगा. आणि नाटकाच्या आधी सांगा."

त्यांनी मान हलवली. पण सांगितलं नाही. तालमीत अभिमन त्यांची "या सेनापती, मारा आम्हाला" म्हणून थट्टा करायचा आणि हे खाली बघायचे.

जत्रेचा दिवस उजाडला. दहानंतर भोंगे बंद करावे लागतात, म्हणून हल्ली नाटक ऊन उतरलं की साडेपाचलाच सुरू होतं. खुनाचा प्रवेश झाला तेव्हा पडद्याच्या फटीतून तिरकं ऊन येत होतं. पडदा पडला. राजा फळीवर तसाच आडवा, छातीवर कुंकवाचं पाणी. मी गुळाची वाटी पुढे केली. उखर्डूभाऊंनी खडा उचलला आणि अभिमनजवळ गुडघ्यावर बसले.

"नाटकमा मारं," ते म्हणाले.

अभिमननं एक डोळा उघडला. "अरे, म्हण ना पटकन. मुंग्या चढतील मला."

"नाटकमा मारं," उखर्डूभाऊ म्हणाले, "गावमा बी मारं."

आणि गुडघ्यावर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. गुळाचा खडा हातात तसाच. दीपमाला तोंडावर हात धरून उभी. हितेंद्र धावत आला, "काय चाललंय? पब्लिक शिट्ट्या मारतंय!" मी त्याला हातानं थांबवलं.

अभिमन हळूहळू उठून बसला. अंगावरचं लाल पाणी फळीवर ओघळलं. मला वाटलं, आता हा मारतो. तलवार पत्र्याची असली तरी तिची मूठ लोखंडाची होती आणि ती त्याच्या हाताजवळच पडली होती.

"बारा वरीस," तो म्हणाला. "मनी रोशनी शाळामाईन रडत ये. माले म्हणे, दादा, तू ते वाक्य पुरं कर ना, मंग पोऱ्या चूप बसतीन." मग म्हणाला, "तोंड उघडीसन मांगाले काय व्हयनं व्हतं तुले? ते काम देणारच होतो मी कोणाला तरी. कंटाळलो होतो त्या अंगरख्याला."

उखर्डूभाऊंनी नुसता गूळ पुढे धरला. अभिमननं तोंड उघडलं नाही.

बाहेर टाळ्या, शिट्ट्या वाढल्या. कमिटीची दोन म्हातारी माणसं आत आली. राजानं गूळ खाल्ला नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरले. "अभिमन, गावावर काही आणू नको बाबा. खा."

अभिमननं खडा घेतला, तोंडात टाकला, कडकड चावला. "गूळ गावासाठी खाल्ला. माफीचा शब्द माझा आहे. तो मी आज देत नाही." गूळ पोटात गेला, तेवढ्यावर म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग स्टुलावर बसलेल्या पोराच्या हातातून त्यानं वही घेतली. "तू ऊठ. पडदा उघडा. आज वही मी धरतो."

उखर्डूभाऊ ताटापुढे जाऊन बसले. मी विंगेत अभिमनच्या मागेच उभी होते. मनात रामरक्षा चालू होती, कोणासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. त्यांनी हात वर केला.

"हा हात माझाच. पण..."

बारा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्यांना पुढचं आठवेना. नाटक वाटावं असं ते थांबणं नव्हतं. त्यांनी विंगेकडे पाहिलं. अभिमनचं बोट ओळीवर होतं. तो वर मान करून उखर्डूभाऊंकडे पाहत राहिला. खाली कोणी तरी खाकरलं. जुन्या लोकांना आठवलं असावं, कारण एक हसणं सुरू झालं, मग दुसरं.

तेवढ्यात अभिमननं वाक्य दिलं. हळू नाही दिलं. भरल्या आवाजात, देवळाच्या मागे ऐकू जाईल असं दिलं.

"पण ह्याच हातानं आता घास कसा घेऊ?"

सगळा मांडव चिडीचूप झाला. तो आवाज लोकांनी ओळखला. उखर्डूभाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फुटक्या आवाजात, आणि पुढचं नाटक नीट पार पडलं. त्या दिवसानंतर गावात ते अर्धं वाक्य कोणी अभिमनला ऐकवलेलं मला माहीत नाही.

पण माफी राहिली होती. उखर्डूभाऊंनी कमिटीला सांगून टाकलं, आता मी वही धरणार, सेनापती अभिमनला करा. वर्षभर दोघं समोरासमोर आले की रामराम करायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. आमच्या गल्लीला पाणी सहा दहाला यायचं, तरी भाऊ पूर्वीसारखे व्हॉलची चावी फिरवताना नाटकातली वाक्यं म्हणत नसत.

आता या फाल्गुनात पुन्हा तालमी सुरू झाल्या आहेत. परवा मी दीपमालाचं लुगडं घेऊन शाळेत तालमीला गेले. अभिमन ताटापुढे बसला होता आणि उखर्डूभाऊ स्टुलावर वही घेऊन. अभिमननं हात वर केला, श्वास घेतला, तोच भाऊंनी शब्द दिला. अभिमन "पण" म्हणाला, की यांचं पुढचं वाक्य तयार. एकदा झालं, दोनदा झालं. राजाच्या कामावर परतलेले नवल आबा हसायला लागले. "अरे उखर्डू, त्याला तोंड तरी उघडू दे."

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा अभिमन ताट बाजूला सारून उभा राहिला.

"माले याद शे रे! बठ्ठं याद शे! माफ कयं तुले, पण जरा चूप बस ना भो!"

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अभिमनच्याही लक्षात आलं, आपण काय बोललो ते. त्यानं ते परत घेतलं नाही. ताट पुढे ओढून खाली बसला आणि म्हणाला, "चला, पहिल्यापासून."

उखर्डूभाऊंनी वही गुडघ्यावर ठेवली, तोंडावर उपरणं धरलं आणि पुढचा अख्खा प्रवेश एक शब्दही दिला नाही. लागलाच नाही.