चिखलात नवी साडी

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत रस्त्यात थांबण्याजोगी जेवढी म्हणून ठिकाणं आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी माझा मामेभाऊ विनाकारण थांबलेला आहे. जीप खच्चून भरलेली असते, ड्रायव्हर शिव्या घालत असतो आणि हा खाली उतरून कुणाच्या तरी कुंपणावर वाळणाऱ्या गोधडीचा व्हिडिओ काढत असतो. लग्नसराईत तो पोटासाठी लग्नांचं शूटिंग करतो, पण तिथंही स्वस्थ बसवत नाही. एका लग्नात नवरानवरी हार घालत होती तेव्हा याचा कॅमेरा होता भात ढवळणाऱ्या आचाऱ्यावर. नवरीचा बाप भडकला, तर हा शांतपणे म्हणतो, "हार काय सगळेच घालतात. एवढा भात कोण ढवळतो?" यावर बोलणार काय, कपाळ! मी आपला साधा कारकून माणूस. तो 'स्वतःची नजर' वगैरे बोलायला लागला की मी चहा मागवतो.

तर या गृहस्थानं पोशेऱ्याला, घरच्याच शेतात, भातलावणीवर फिल्म काढायची ठरवली. शूटिंग आहे म्हटल्यावर लावणीच्या झाडून सगळ्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून चिखलात उतरल्या. माझी मामी, म्हणजे याची आई, लेकीच्या लग्नातली जांभळी साडी नेसून आणि अंबाड्यात फूल खोवून. "लोकं बघनार ना? मंग चांगलंच बघू दे," एवढंच ती म्हणाली. यानं तसंच शूटिंग केलं आणि त्यातला थोडा भाग शहरातल्या एका महोत्सवाला पाठवून दिला. चारच दिवसांत तिथं फिल्म निवडणाऱ्या बाईंचा फोन आला. काम आवडलं होतं, पण साड्या खटकत होत्या. "खरं वाटत नाही हो ते. तुमच्या भागातलं म्हटल्यावर थोडे हाल दिसायला हवेत. रोजच्या कपड्यांत परत काढा, आम्ही नक्की घेऊ."

आठ वर्षं हा असल्या एका फोनसाठी झुरत होता. लावणी अजून चालू होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं मामीला जुनं, विटलेलं पातळ नेसायला आणि उसवलेला झंपर घालायला लावलं. कॅमेऱ्यावर छत्री धरायला मी होतो. मामीनं तक्रार केली नाही. फक्त एकदाही मान वर केली नाही. हातातली रोपं संपली तरी वाकलेलीच.

"आई, जरा इकडं बघ ना."

"नको. तुझं झालं का सांग."

त्यानं कॅमेरा बंद केला आणि तिथंच बांधावर बसून त्या दिवशीचं सगळं पुसून टाकलं. मी म्हटलं, "अरे, वेडा की खुळा तू? एका साडीचा तर प्रश्न." तो म्हणाला, "दादा, हे मी नाय काढलं. हे त्या बाईंनी काढलंय." साड्या तशाच राहतील असं त्यानं फोन करून कळवलं, आणि बाईंनी फिल्म घेतली नाही. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू.

महोत्सव सुरू झाला त्या दिवशी तो माझ्या ऑफिसात येऊन बसला.

"वाईट वाटतं का रे?"

"वाटतं ना. लय वाटतं."

चहा पिऊन गेला. त्याच दुपारी साहेबांनी माझ्या टिपणातलं एक वाक्य बदलायला सांगितलं. वाक्य खरं होतं. मी ते बदललं. आजवर अशी कितीतरी बदलली असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं.