गोदाआत्याचा नागलोक

आत्या माझ्याशी शेवटचं बोलली ती दवाखान्यात, दुपारी चारच्या भेटीच्या वेळेत. नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच तिचा पहिला प्रश्न आला, चंद्रवती जिती हाय का मेली? तब्येतीचं विचारायचं माझं राहूनच गेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकल्या. त्यांना वाटलं असणार, आमच्या घरातलंच आणखी कोणी अत्यवस्थ आहे. चंद्रवती म्हणजे मी ज्या मालिकेचे संवाद लिहिते तिच्यातली राणी. चाळिसाव्या भागात ती तळ्यात उतरली, वरचं पाणी मिटलं, आणि त्यानंतर शेकडो भाग झाले तरी तिचं काय झालं हे प्रेक्षकांना कळलेलं नव्हतं. मला ठाऊक होतं. येत्या सोमवारी तो भाग दिसणार होता. कथा बाहेर फोडणार नाही अशी मी सही करून दिलेली, पण आत्याला लागलेली धाप बघून मी म्हटलं, सांगते, खड्ड्यात गेली ती सही. तिनं सलाईनचा हात वर केला.

"सांगू नको. मला बघायचंय."

ती शुक्रवारी सकाळी गेली...

गोदाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, पाचोडला दिलेली. तिथं तिचा मान मोठा. कोणाची सोयरीक ठरायची असली की आधी तिच्या ओट्यावर विचारणा व्हायची. कोण कोणाचा मामा, कोणत्या घराचं देवक काय, कुठली दोन घरं तीन पिढ्यांपूर्वी बोलेनाशी झाली, सगळं तिच्या जिभेवर. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर ती संभाजीनगरात विलासदादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, गारखेड्याला राहायला आली आणि इथं तिला कोणी काही विचारेना. शेजारच्या फ्लॅटमधल्या लोकांना स्वतःच्याच आजोळचं आडनाव सांगता येत नाही म्हणून ती हळहळायची. मग माझी मालिका सुरू झाली आणि बाईंना गाव सापडलं! जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिनं मालिकेतल्या अख्ख्या नागलोकाची वंशावळ मांडली. पानं दोऱ्यानं शिवून टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगली. पहिलं पान मात्र आमच्या घराण्याचं होतं. आधी आपली माणसं, मग परकी, असं तिचं म्हणणं. गेलेल्याच्या नावाभोवती काळ्या पेनाची रेघ, आणि त्याला एक कडक नियम: डोळ्यानं बघितल्याबिगर कोणाला मेलं म्हणायचं नाय. नागलोकात माणसं मरून परत येतात हे तिनं दहाव्या भागातच ओळखलं होतं.

रोज सात ते साडेसात मालिका आणि साडेसातला तिचा फोन. "बरं होतं" म्हणाली की मी जिंकले. "चुकलीस" म्हणाली की जेवण लांबलं म्हणून समजायचं. गरुडपंखी सेनापती तीन भागांपूर्वी उजव्या डोळ्यानं आंधळा होता, आज डाव्या कसा झाला? मावशीला आत्या का म्हणाला तो? मुंबईतल्या आमच्या कथालेखकांपेक्षा मी तिला जास्त घाबरायचे, हे मी आज उघड सांगते.

आणि मग ते लग्न आलं. चंद्रवतीचा मुलगा रुद्रसेन आणि मेघना, दोन वैरी घराण्यांतली ही दोघं, चारशे भाग रखडत रखडत बोहल्याजवळ पोचली. चित्रीकरण आठ दिवसांवर. त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला तो साडेसात वाजायच्या आत, भाग चालू असतानाच.

"हे लग्न होत नाय. देवक एक हाय."

मी हसले. म्हटलं, आत्या, ही माणसं उडतात गं, यांना कसलं आलंय देवक? तर म्हणते, "उडू दे. उडणाऱ्याला बी आईबाप असत्यात." आणि तिनं पान वाचून दाखवलं. चौदाव्या भागात मेघनाच्या पाळण्याला मोरपीस बांधलेलं. आज रुद्रसेनाच्या तलवारीच्या मुठीला मोरपीस, आणि तो सांगतोय की हे आमच्या कुळाचं चिन्ह, दुसऱ्या कोणाकडे नसतं. म्हणजे ही दोघं एकाच कुळाची, भाऊबहीण झाली की! दोन्ही प्रसंग मीच लिहिलेले होते. आणि मोरपीस म्हणजे आमच्या माहेरचं देवक, आत्याचं आणि माझं. लहानपणापासून घरच्या प्रत्येक लग्नात पुजलेलं पाहिलं, तेच माझा हात मला न विचारता दोन्हीकडे टांगून मोकळा झाला. आत्याला ते पहिल्याच नजरेत कळलं होतं.

मुंबईला फोन केला तर तिथले म्हणाले, कोणाच्या लक्षात येतंय? मी म्हटलं, आलंय. रात्रभर उपाय शोधत बसण्यापेक्षा मी रिक्षा करून सरळ गारखेडा गाठलं. आत्या मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, तू कोणाच्या पाळण्यात वाढलीस?

मला आठवलं. माझ्याआधी आईची दोन लेकरं राहिली नव्हती. म्हणून ज्या घरी लेकरं जगली त्या घरचा पाळणा मागून आणला होता, आत्याच्या घरून, पाचोडहून, बैलगाडीत घालून.

"मग? पाळणा चंद्रवतीचा. मेघनाच्या आईनं मागून आणलेला. पाळणा कोण देतं? जीवाची मैतरीण देती."

मी तिथंच उठून उभी राहिले. दोन वैरी घराणी, आणि त्यांच्या आया एकेकाळी जीवाभावाच्या मैत्रिणी! मोरपीस पाळण्याबरोबर आलेलं, मेघनाच्या कुळाचं नव्हेच. लग्न वाचलं, वैराला कारण मिळालं, चंद्रवती तळ्यात का उतरली याचंही उत्तर त्या पाळण्यात निघालं. पुढचे तीन महिने आम्ही त्यावर जगलो. मुंबईच्या बैठकीत सगळे विचारत होते, सुचलं कसं? मी म्हणाले, सुचलं. तिचं नाव घेतलं नाही... त्याची लाज मला आज वाटते. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पाळणा दिल्यावर कोणी नाव लिहून देतं का.

सोमवारी घरात सुतक. टीव्ही लावायचा का, यावर पाचोडहून आलेल्या बायका कुजबुजत होत्या. सातला दोन मिनिटं असताना विलासदादानं स्वतः उठून तो लावला. म्हणाला, चुकवला तर आई माफ करणार नाही. तळ्याचं पाणी दुभंगलं आणि चंद्रवती वर आली, जिवंत! भिंतीला टेकून बसलेल्या आत्याच्या सत्तरीतल्या एक जाऊबाई रडता रडता टाळ्या वाजवायला लागल्या. गोदानं सांगितलंच व्हतं, म्हणाल्या.

मी खिळ्यावरची पानं काढली. चंद्रवतीच्या नावाभोवती रेघ नव्हतीच. शेजारी आत्याच्या अक्षरात होतं, "पाण्यात उतरताना दिसली. मेलेली दिसली नाही." मी पहिल्या पानावर आले. तिच्या भावाभोवती, म्हणजे माझ्या वडिलांभोवती, रेघ. मामांभोवती रेघ. मधे तिचं स्वतःचं नाव, मोकळं.

शुक्रवारी मी तिच्याजवळ होते. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नियम तिचाच, मोडला असता तर तिनंच पकडलं असतं. मी काळं पेन घेतलं. रेघ वाकडी आली.

पानं पुन्हा खिळ्याला लावली. साडेसात वाजले होते. मी फोन हातात धरून आठपर्यंत तिथंच बसून राहिले.