न विंचरलेला कोपरा

शहराच्या तळ्याचे राखणदार, सर्व परिचितांत ‘कंगवा’ म्हणून ओळखले जाणारे. जन्म १९४१, निधन २०१६. मागे पत्नी आणि थोरली बहीण.

आईवडील लवकर गेल्यामुळे त्यांना या बहिणीनेच वाढवले. ती त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. तळ्याच्या पश्चिम काठावरच्या लॉन्ड्रीत ती आधी कामाला लागली आणि पुढे मूळ मालक थकल्यावर तीच लॉन्ड्री तिने चालवायला घेतली. धाकट्या भावाला राखणदाराची नोकरी मिळाली तीही तिच्याच शब्दावर. नगर कार्यालयातले तेव्हाचे साहेब तिचे गिऱ्हाईक होते. “साहेबांच्या कॉलरला माझ्या हातची खळ आहे,” ती म्हणे, “नाही म्हणायला मान वळायला हवी ना.”

टोपणनावाचा उगम दुहेरी होता. एक तर शर्टाच्या खिशात नेहमी कंगवा असे. दुसरे, तळ्याभोवतीच्या रेतीच्या वाटेवर ते रोज सकाळी दाताळे फिरवीत, आणि त्या दात्यांच्या रेघा विंचरलेल्या केसांसारख्या सरळ दिसत. फिरायला येणारा माणूस त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी नकळत चपला झटकी. घरीही तोच प्रकार. “यांनी माझे डाळतांदळाचे डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेत,” त्यांची पत्नी सांगे. “मीच बुटकी, म्हणून मला कोपऱ्यात उभी करतील एखाद्या दिवशी.”

तळे मोठे नव्हते, पण भरलेले होते. मासे अनेक जातींचे होते, काठच्या दगडांवर गोगलगायी होत्या, उन्हाळ्यात चतुर भिरभिरत आणि लाकडी धक्क्याच्या खुंटावर खंड्या बसे. उत्तरेच्या उथळ गाळात तळहाताएवढे शिंपले असत. लहानपणी बहीणभाऊ ते पायाच्या बोटांनी चाचपून काढीत. त्यांपैकी एक शिंपला लॉन्ड्रीच्या काउंटरवर साबणाची वडी ठेवण्यासाठी कायमचा राहिला होता.

या नीटनेटक्या तळ्याचा एक कोपरा मात्र अस्ताव्यस्त होता. लॉन्ड्रीची मोरी जिथे तळ्यात उतरे, तिथे पाणकणीस माजले होते. डोक्याहून उंच पाती, तपकिरी कणसे, त्यांत अडकलेल्या पिशव्या, वाळून आडवे पडलेले देठ आणि आत कुठेतरी ओरडणारी पाणकोंबडी. गुडघाभर चिखलामुळे तिथे दाताळे पोहोचत नसे. हा कोपरा त्यांच्या डोळ्यांत सलत असे.

निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना नगर कार्यालयाने सर्वांत नीट राखलेल्या सार्वजनिक जागेसाठी पितळी ढाल जाहीर केली. राखणदारांनी रबरी बूट मिळवले, विळ्याला धार लावली आणि पाणकणीस मुळासकट काढायला घेतले. काम संपले तेव्हा पश्चिमेचा काठ पाटीसारखा कोरा झाला. ढाल त्यांनाच मिळाली.

बहीण लॉन्ड्रीच्या मागच्या दारात येऊन बघत उभी राहिली. “छान दिसतंय रे,” ती म्हणाली. “फक्त माझी मोरी आता सगळ्या जगाला दिसते.”

“तीही रंगवून देतो, ताई.”

“नको. तू रंगवलीस तर तिच्यात पाणी सोडायची चोरी होईल.”

पुढच्या उन्हाळ्यात पाणी हिरवे झाले. आधी काठाकाठाने साय धरल्यासारखे दिसे, मग सगळे तळेच रंग ढवळलेल्या बादलीसारखे झाले. सकाळी सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत आणि मिटीत. ऊन चढले की पुन्हा खाली जात. काही आठवड्यांनी ते खाली जाईनासे झाले. राखणदार जाळीच्या झोळीने मेलेले मासे बाहेर काढीत, गोणपाटावर लांबीप्रमाणे ओळीने मांडीत आणि मगच पुरीत. ही ओळ पाहून हसावे की काय करावे ते कुणाला कळत नसे. त्यांना विचारले, तर ते म्हणत, “जाताना तरी नीट जाऊ देत.”

दुर्गंधी घरांत शिरू लागली तेव्हा दोषी शोधायला कुणालाच फार लांब जावे लागले नाही. मोरी उघडी होती, तिच्यातून करडे फेसाळ पाणी उतरताना दिसत होते. रहिवाशांनी तक्रार केली. नगर कार्यालयाने पाणी तपासणाऱ्या बाईंना पाठवले. बाई तरुण असल्या तरी कामात चोख होत्या. पहाटे आणि दुपारी अशा दोन्ही वेळी त्यांनी नमुने घेतले. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्रभर तोच वापरते, म्हणून मासे पहाटे गुदमरतात, आणि शेवाळाला पोसायला साबणातली द्रव्ये आहेतच, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या लॉन्ड्रीत गेल्या, चादरी दाबण्याच्या तापलेल्या रुळाशेजारी उभ्या राहून त्यांनी चौकशी केली. साबण तोच होता, काम तेवढेच होते. तळ्यावर येऊन त्यांनी राखणदारांनाही विचारले.

“गेल्या वर्षभरात तळ्यात काही बदल झाला?”

“काही नाही, मॅडम. फक्त साफसफाई.”

बाईंनी मान डोलावली. साफसफाईला बदल मानावे हे दोघांपैकी कुणालाच सुचले नाही.

मोरी बंद करावी, असा प्रस्ताव त्यांनी दिला. निर्णयापूर्वी नगर कार्यालयात सुनावणी ठेवण्यात आली. मोरीवाचून लॉन्ड्री चालणार नव्हती. तळ्याच्या बाजूला उतार असल्यामुळे पाणी वर रस्त्याकडे नेण्याची सोय नव्हती. बहीण कुणाला काही बोलली नाही. हाताखालच्या बायकांना मात्र तिने इतरत्र काम बघून ठेवायला सांगितले.

सुनावणीच्या आदल्या सकाळी राखणदार धक्क्याखाली शिरले. दुसऱ्या दिवशी साहेब मंडळी तळे बघायला येणार होती, आणि धक्क्याच्या दगडी पायाच्या सांदीत पाणकणसाचा एक झुबका तेवढा राहून गेला होता. दगडात मुळे घट्ट रुतल्यामुळे पूर्वी तो निघाला नव्हता. त्यांनी देठ मुठीत धरले, विळा लावला, आणि खाली पाहिले. झुबक्याभोवतीचे पाणी नितळ होते. तळाचा दगड दिसत होता. देठांवर गोगलगायी चिकटल्या होत्या, आणि त्या हातभर जागेत बोटाएवढे मासे इतके दाटले होते की त्यांना वळायलाही जागा नव्हती. एक पाऊल पलीकडे पाणी पुन्हा हिरवेगार होते.

ते तसेच, विळा हातात घेऊन, ओल्या बुटांनी लॉन्ड्रीत गेले. धुतलेल्या फरशीवर त्यांची चिखलाची पावले उमटली. बहिणीला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पायांचे ठसे पुसावे लागले असतील.

“ताई, ते मी केलं.”

“काय केलंस?”

“तुझं पाणी इतकी वर्षं त्या गवतातून जात होतं. गवतच ते गाळून घेत होतं. मी ते काढलं.”

ती चादरीची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली.

“कुणाला बोललास?”

“अजून नाही.”

“मग बोलू नकोस. दोन वर्षांत तुझं पेन्शन आहे. मी म्हातारी झालेच आहे, आज ना उद्या दुकान बंद करायचंच.”

“काल तर नवा रूळ घ्यायचा म्हणत होतीस.”

“काल मूर्ख होते.”

“आजही आहेसच,” ते म्हणाले. “लहानपणी माझी फुटलेली बरणी तू स्वतःवर घेतलीस, तेवढं पुरे झालं.”

“ती बरणी खरंच मी फोडली होती रे,” बहीण म्हणाली. “तुला इतकी वर्षं वाटतंय मी त्याग केला?”

सुनावणीला रहिवाशांच्या वतीने प्रस्तुत लेखक उपस्थित होता. लॉन्ड्रीचा विषय निघताच राखणदार उभे राहिले. खिशातून कंगवा काढून परत ठेवला. मग तपासणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही मला विचारलं होतंत, काही बदल झाला का. मी म्हणालो, साफसफाई. तोच बदल होता.” आणि त्यांनी पाणकणीस कुठे होते, किती दाट होते आणि धक्क्याखाली काय उरले आहे, ते सांगितले.

बाईंनी सुनावणी थांबवायला सांगितली, सगळ्यांना तळ्यावर नेले आणि स्वतः धक्क्याखाली उतरल्या. वर आल्या तेव्हा कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

“हे बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण गवत असलं तरी साबण तो साबणच. इतकी वर्षं निभावलं म्हणून लॉन्ड्री निर्दोष होत नाही.”

“मी कुठे म्हणते?” बहीण म्हणाली. “पण दोघांची शिक्षा एकटीला नको.”

निर्णय असा झाला. मोरी बंद झाली नाही, मात्र तिचे पाणी आधी एका खड्ड्यात निवळून, मग पाणकणसाच्या रुंद पट्ट्यातून तळ्यात यावे, आणि साबण बदलावा, असे ठरले. खड्डा बहिणीने बांधून घेतला. पाणकणीस राखणदारांनी लावले, धक्क्याखालच्या त्याच झुबक्याच्या मुळांपासून. परवानगीवाचून काठ मोकळा केल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ढाल त्यांनी चिंचेच्या कोळाने घासून, चकचकीत करून कार्यालयात परत दिली. ती कुणी मागितली नव्हती.

उरलेली दोन वर्षे त्यांना फार अवघड गेली असावीत. रोपे धरली, वाढली, आडवी पडली, आणि त्यांना हात लावायचा नव्हता. ते हात पाठीमागे बांधून तिथे उभे राहत. एकदा फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “काय हो, थकलात वाटतं? हा कोपरा सोडूनच दिलात.”

“सोडला नाही, साहेब,” ते म्हणाले. “सांभाळतोय.”

पाणी निवळायला तीन उन्हाळे लागले. निवृत्तीनंतरही ते रोज येत, नव्या राखणदाराच्या रेघा वाकड्या असल्या तरी त्याविषयी ब्र काढीत नसत. खंड्या परतला. पाणकोंबडीही परतली, आणि तिने घरटे नेमके मोरीच्या तोंडाशी बांधले.

त्यांच्या निधनानंतर नगर कार्यालयाने त्यांच्या स्मरणार्थ बाक ठेवायचे ठरवले. जागा पश्चिमेच्या काठावर योजली होती आणि त्यासाठी थोडे पाणकणीस छाटावे लागणार होते. बहिणीने, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कार्यालयात जाऊन ती जागा बदलून घेतली. बाक आता धक्क्याजवळ आहे. लॉन्ड्री तिच्या हाताखालच्या दोघींकडे सोपवलेली असून, खड्डा दर हंगामात उपसण्याची जबाबदारी त्यांनी लेखी पत्करली आहे.

एवढे मिटले. त्या हिरव्या उन्हाळ्यात उत्तरेच्या गाळातून नाहीसे झालेले शिंपले मात्र परतलेले नाहीत. आता मुख्याधिकारी झालेल्या त्या तपासणी करणाऱ्या बाई दर वर्षी येऊन स्वतः गाळात हात घालून पाहतात. पूर्वी राखणदारही त्यांच्यासोबत बूट चढवून उतरत, आता बहीण काठावर खुर्ची टाकून बसते आणि विचारते, “लागला का एखादा?” अद्याप लागलेला नाही. काउंटरवरच्या शिंपल्यात ती साबण ठेवीत नाही. तो धुऊन, कोरडा करून, रिकामा ठेवलेला आहे.